हिशेब मागणारे दादासाहेब

डिसेंबर महिना लागला की आमच्या घरातले रात्रीचे जेवण उशिरा होऊ लागे. माझे वडील एका सरकारी महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात हिशेबनीस होते. नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की त्यांच्या टेबलावर प्रश्नांचे कागद येऊन पडत. अमुक तालुक्यात किती कर्जे मंजूर झाली, किती रक्कम थकली, उशिराची कारणे कोणती, याची माहिती संध्याकाळच्या आत वर पाठवायची असे. अण्णा रात्री नऊ-साडेनऊला घरी येत आणि आई ताट झाकून बसून राही. कोणी एक आमदार दूर नागपुरात उभा राहून प्रश्न विचारतो आणि त्यापायी माझे अण्णा उपाशी राहतात, एवढेच माझे लहानपणीचे लोकशाहीचे ज्ञान होते!

पुढे महाविद्यालयात राज्यशास्त्र हा विषय घेतला. सरकारी खाती आणि महामंडळे संसदेला जबाबदार असतात, हे वाक्य परीक्षेसाठी पाठ केले; पण ही जबाबदारी म्हणजे नेमके काय, ते काही उमगले नव्हते. ग्रंथालयात एके दिवशी दादासाहेब मावळंकरांचे चरित्र हाती पडले. त्यांचे सुरुवातीचे शिक्षण राजापुरात झाले, हे वाचून मी ते पुस्तक घरी नेले. कारण आमचे गाव राजापूर तालुक्यातलेच. आपल्या मातीतला माणूस एवढाच तेव्हा ओढा होता. वाचून संपवले तेव्हा अण्णांच्या उशिराच्या जेवणाचा उलगडा मला झाला होता.

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. १९०२ साली ते शिक्षणासाठी अहमदाबादला गेले आणि तिथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली पदवी, मुंबईच्या लॉ स्कूलमधून १९१२ साली कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात, आणि पुढच्या वर्षी अहमदाबादेत वकिली, असा त्यांचा सरळ मार्ग होता. वकिली चांगली चालली असती, तर आणखी एक श्रीमंत वकील म्हणून लोकांनी त्यांना ओळखले असते. पण गांधीजी आणि सरदार पटेल यांच्या सहवासाने हा मार्ग वळला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी वकिली बाजूला ठेवली, गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीसपद सांभाळले आणि पुढे वेळोवेळी तुरुंगवास पत्करला. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या हकिकती त्यांनी गुजरातीत लिहिल्या. घरी मराठी आणि लोकांत गुजराती, अशा दोन्ही भाषांत हा माणूस सारखाच रमला.

१९१९ साली ते अहमदाबाद नगरपालिकेचे सभासद झाले आणि नंतर दोनदा अध्यक्षही. मला वाटते, त्यांची खरी शाळा हीच. नगरपालिकेत तत्त्वज्ञान चालत नाही. नळाला पाणी का नाही, गटाराचे पैसे कुठे गेले, हे तिथे समोरासमोर विचारले जाते आणि उत्तर देणारा माणूसही त्याच गल्लीतून घरी जातो.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तिथे काँग्रेसचे बहुमत नव्हते. सर कावसजी जहांगीर प्रतिस्पर्धी होते. दादासाहेबांना ६६ मते पडली आणि कावसजींना ६३. अवघ्या तीन मतांनी मिळालेल्या त्या आसनावर, सभागृहाचे नाव बदलत गेले तरी, दादासाहेब अखेरपर्यंत राहिले. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने त्यांना आपले अध्यक्ष निवडले, तेव्हा ३९४ मते त्यांच्या बाजूने होती आणि ५५ मते विरोधी उमेदवार शंकरराव मोरे यांना. दोघेही उमेदवार मराठी होते, याची आज फारशी कोणाला आठवण नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. परकीय अमलात कायदेमंडळाला प्रश्न विचारता येत, पण हिशेबाच्या किल्ल्या सरकारच्याच कमरेला होत्या. लोकलेखा समिती १९२१ सालापासून होती खरी. पण तिचे अध्यक्षपद खुद्द सरकारच्या अर्थसदस्याकडे असे. ज्याने खर्च करायचा, त्यानेच हिशेब तपासणाऱ्यांच्या पंक्तीत मुख्य पाटावर बसायचे, असा तो प्रकार होता. १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि हे चित्र पालटले. ही समिती सभापतींच्या, म्हणजे दादासाहेबांच्या नियंत्रणाखाली आली आणि मंत्र्यांचे तिच्यावरील स्थान संपले. महालेखापरीक्षकांचा अहवाल समोर ठेवून खात्याच्या सचिवाला बोलावायचे आणि मंजूर केलेला पैसा मंजूर केलेल्याच कामावर गेला का, हे विचारायचे, अशी तिची रीत.

पण ही चौकशी पैसा खर्च झाल्यानंतरची. म्हणून त्याच वर्षी, १० एप्रिल १९५० रोजी, अंदाज समिती स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार. अंदाजपत्रकातले आकडे घेऊन बसायचे, खात्याचे काम याहून काटकसरीने होईल का ते पाहायचे आणि तसा अहवाल सभागृहाला द्यायचा, हे तिचे काम.

१९५३ साली आश्वासन समिती आली. दादासाहेबांचा स्वभाव मला सर्वांत जास्त दिसतो तो या समितीत. मंत्री सभागृहात सांगत की माहिती गोळा करीत आहोत, ती यथावकाश सादर करू. सभागृह पुढच्या विषयाकडे वळे आणि ते यथावकाश कधी उगवतच नसे. आता मंत्र्याच्या तोंडून निघालेल्या अशा प्रत्येक शब्दाची नोंद होऊ लागली आणि तो पुरा झाला की नाही हे पाहणारी माणसे नेमली गेली. पुढे आश्वासनपूर्तीला तीन महिन्यांची मुदतही आली. त्याच वर्षी उपविधान समितीही निघाली. संसदेने दिलेल्या अधिकारात खाती जे नियम करतात, ते त्या अधिकाराच्या मर्यादेत आहेत का, हे ती पाहते. वटहुकमांचा मार्गही सरकारने अगदी निकडीखेरीज वापरू नये, असे दादासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रांतून स्पष्ट कळवले होते. दोघेही एकाच पक्षाचे. तरीही त्यांनी भीड धरली नाही.

दादासाहेबांना देवत्व देण्याचा माझा मुळीच विचार नाही. विरोधी सभासद त्यांच्यावर नाराज असत. १८ डिसेंबर १९५४ रोजी तर त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. ते निःपक्षपाती राहिले नाहीत, असा आरोप होता. त्या चर्चेच्या वेळी अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष होते. ठराव फेटाळला गेला, पण हिशेब मागणाऱ्यालाही एक दिवस हिशेबाला उभे राहावे लागले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. समित्यांच्या मर्यादाही त्यांच्या डोळ्यांदेखत उघड झाल्या. सैन्यासाठी परदेशात झालेल्या जीपगाड्यांच्या खरेदीवर लोकलेखा समितीने ताशेरे ओढले, चौकशीची शिफारस केली; १९५५ साली सरकारने ते प्रकरण बंद करून टाकले. समिती विचारू शकते, लिहू शकते. शिक्षा करू शकत नाही.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत दादासाहेबांचे निधन झाले. त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळ जन्माला आले. महामंडळ स्वायत्त म्हणायचे, मग त्याच्या व्यवहाराचा जाब संसदेत कोणी द्यायचा? १९५७ च्या डिसेंबरात फिरोज गांधींनी मुंदडा यांच्या कंपन्यांत महामंडळाने गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचा प्रश्न उपस्थित केला. न्यायमूर्ती छागलांच्या चौकशीनंतर १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पायउतार व्हावे लागले. महामंडळाला स्वायत्तता असली तरी मंत्र्याला उत्तर चुकत नाही, हे देशाला तेव्हा कळले. १९६४ साली सार्वजनिक उपक्रमांसाठी संसदेची वेगळी समिती झाली. १९७५ साली पटलावर ठेवल्या जाणाऱ्या कागदपत्रांची समिती आली आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत वार्षिक अहवाल व तपासलेले हिशेब सभागृहापुढे आले पाहिजेत, असा दंडक तिने घातला. आपल्या राज्याच्या विधिमंडळातही लोकलेखा, अंदाज, आश्वासन, सार्वजनिक उपक्रम अशाच समित्या काम करतात.

हे सारे वाचताना मला अण्णांची एक जुनी गोष्ट आठवली. एका वर्षी थकबाकीचा प्रश्न आला होता. वेळ थोडा होता. गेल्या वर्षीच्या उत्तरातला आकडा थोडाफार फिरवून पाठवून द्यावा, नाहीतरी वाचतो कोण, असे वरून सुचवण्यात आले. अण्णांनी ऐकले नाही. शिपायाला घेऊन त्यांनी जुन्या खतावण्या खाली काढल्या आणि दोन रात्री बसून बेरजा केल्या. त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला वक्तृत्वाचे बक्षीस होते. त्यालाही ते आले नाहीत. मी बरेच दिवस रुसलो होतो. थकबाकी आधी कळवल्यापेक्षा बरीच जास्त निघाली. तोच आकडा त्यांनी वर पाठवला. साहेब काही दिवस घुश्शात होते. सभागृहात त्यावर उपप्रश्नसुद्धा कोणी विचारला नाही.

मग त्या दोन रात्री फुकट गेल्या का? पूर्वी मी हो म्हटले असते. आज म्हणणार नाही. दिल्लीत दादासाहेबांनी कितीही समित्या उभ्या केल्या, तरी त्यांच्यापुढे येणारा कागद शेवटी कोणत्या तरी तालुक्यात, जिल्ह्यात, खतावणीवर वाकलेला एक माणूस तयार करतो. तो आकडा खोटा असेल, तर सभापती, समिती, महालेखापरीक्षक सारेच वाळूवर उभे राहतात. आणि तो खरा असेल, तर आज कोणी विचारले नाही तरी पाच वर्षांनी कोणी तरी विचारू शकतो.

अण्णा आता सेवानिवृत्त झाले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत हा लेख मी त्यांना वाचायला दिला. स्वतःविषयीच्या मजकुरावर ते काहीच बोलले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले आणि ३९४, ५५, ६६ आणि ६३ या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. छापायला देण्यापूर्वी एवढे चार आकडे मूळ पुस्तकात पुन्हा पाहून घे, असे त्यांनी सांगितले. मी पाहून घेतले आहेत.