सोनिया ग्राफ : देश हरवलेली बुद्धिबळपटू

१९३९च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथे बुद्धिबळ ऑलिंपियाड आणि महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एकाच वेळी भरल्या होत्या. महिलांच्या स्पर्धेत वीस जणी उतरल्या होत्या आणि त्या आपापल्या देशाच्या नावाने खेळत होत्या. अपवाद होता तो म्युनिकच्या सोनिया ग्राफचा. ती ‘लिब्रे’, म्हणजे ‘मुक्त’, एवढ्याच ओळखीवर पटासमोर बसली होती, कारण जर्मनीतील नात्सी सत्तेने आपल्या यादीतून तिचे नाव वगळले होते. स्पर्धा संपेपर्यंत युरोपात महायुद्ध पेटले आणि तिचे परतीचे दारही बंद झाले. त्याच स्पर्धेत तिने जगात दुसरा क्रमांक मिळवला.

सोनियाचा जन्म १६ डिसेंबर १९०८ रोजी म्युनिकमध्ये झाला. तिचे आईवडील रशियातील व्होल्गा नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या जर्मन समाजातले होते. सोनियाच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी ते म्युनिकला आले होते. वडील आधी धर्मोपदेशक होते, पुढे चित्रकार झाले. घरात दारिद्र्य होते आणि वडिलांचा हात मुलांवर निर्दयपणे उठत असे. या मारझोडीच्या खुणा तिने जन्मभर मनात वागवल्या. मात्र त्याच वडिलांनी तिला बुद्धिबळाच्या चाली शिकवल्या. ज्या माणसाच्या धाकात तिचे बालपण करपले, त्यानेच त्या धाकातून सुटण्याची वाटही तिच्या हाती दिली, असा हा विलक्षण योग होता.

घराबाहेर पडण्याची पहिली संधी मिळताच तिने म्युनिकमधील बुद्धिबळाचे कॅफे गाठले. त्या काळी मध्य युरोपातल्या शहरांत कॅफे हेच बुद्धिबळाचे आखाडे होते. धुराने भरलेल्या त्या खोल्यांमध्ये पुरुष तासन्‌तास पट मांडून बसत. तिथे एक तरुण मुलगी येऊ लागली आणि भल्याभल्यांना हरवू लागली. आखूड केस, पुरुषी पोशाख, हातात सिगारेट अशा थाटात वावरणारी सोनिया लवकरच सर्वांच्या परिचयाची झाली. जगातील अव्वल खेळाडूंमध्ये ज्यांची एकेकाळी गणना होई ते झिगबर्ट टाराश तेव्हा म्युनिकमध्ये राहत असत. त्यांनी सोनियाला शिष्य म्हणून स्वीकारले. टाराश यांची शिकवण शिस्तीची, नियमांची होती. सोनियाचा पिंड मात्र हल्ल्याचा होता. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर धावून जाणे, त्यासाठी हातची सोंगटी बळी देणे आणि जिंकू किंवा हरू अशा टोकावर डाव नेणे हा तिचा स्वभाव होता आणि तो तिच्या खेळात अखेरपर्यंत टिकला.

बुद्धिबळ हाच आपला चरितार्थ, असे तिने ठरवले. आजही स्त्रीसाठी सोपा नसलेला हा निर्णय तिने १९३०च्या आसपास घेतला. युरोपातील शहरांतून फिरावे, क्लबांमध्ये एकाच वेळी अनेक पटांवर प्रदर्शनी सामने द्यावेत, मिळेल तिथे पुरुषांच्या स्पर्धांत उतरावे आणि त्यावर गुजराण करावी, असे तिचे जीवन सुरू झाले. त्यात स्थैर्य नव्हते, पण कुणाचा धाकही नव्हता.

या वाटचालीत तिच्यासमोर एकच नाव सतत उभे राहिले, ते म्हणजे व्हेरा मेन्चिक. मॉस्कोत जन्मलेली आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली मेन्चिक १९२७ साली पहिली महिला जगज्जेती ठरली आणि त्यानंतर तिला त्या पदावरून कुणीही हलवू शकले नाही. हॉलंडचा मॅक्स युवे आणि पंजाबातून इंग्लंडला गेलेला मीर सुलतान खान यांच्यासारखे मातब्बर पुरुष खेळाडूही तिच्याकडून पराभूत झाले होते. मेन्चिकचा खेळ शांत, चिवट आणि हिशेबी होता. ती घाई करत नसे आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहत असे. सोनियाचा खेळ याच्या अगदी उलट होता. म्हणूनच या दोघी समोरासमोर आल्या की दोन स्वभावांचीच झुंज लागे.

१९३४ मध्ये हॉलंडमध्ये दोघींमध्ये चार डावांचा सामना झाला. त्यात सोनियाने एक डाव जिंकला, तीन गमावले. वरवर पाहता हा मोठा पराभव होता, पण मेन्चिककडून एक डाव घेणे हेदेखील त्या काळी फार थोड्या स्त्रियांना जमले होते. १९३७ मध्ये ऑस्ट्रियातील सेमरिंग या डोंगराळ विश्रामस्थळी जगज्जेतेपदासाठी दोघींचा सोळा डावांचा सामना झाला. मेन्चिकने नऊ डाव जिंकले, सोनियाने दोन, आणि पाच बरोबरीत सुटले. साडेअकरा विरुद्ध साडेचार गुणांचा हा निकाल मेन्चिकच्या श्रेष्ठत्वाबद्दल शंका ठेवत नाही. त्याच वर्षी स्टॉकहोमला झालेल्या जागतिक स्पर्धेत मेन्चिकने चौदापैकी चौदा डाव जिंकले. इटलीची क्लॅरिस बेनिनी दुसरी आली आणि सोनियाला तिच्याही मागे राहावे लागले.

दरम्यान जर्मनी बदलत चालली होती. सोनिया स्वभावतःच मोकळी, बंधन न मानणारी आणि बोलताना आडपडदा न ठेवणारी. हिटलरच्या राजवटीविषयीचा तिरस्कार तिने लपवला नाही. राजवटीलाही आपल्या नावाने खेळायला अशी स्त्री नको होती. ब्युनोस आयर्सच्या स्पर्धेत जर्मनीच्या वतीने फ्रीडल रिंडर खेळली. सोनियाला मात्र तिच्या खेळाच्या बळावर स्पर्धेत स्थान मिळाले, आणि देशाच्या जागी ‘लिब्रे’ हा शब्द आला.

१ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले तेव्हा दोन्ही देशांचे खेळाडू ब्युनोस आयर्समध्ये एकाच ऑलिंपियाडमध्ये खेळत होते. इंग्लंडचा पुरुष संघ स्पर्धा अर्धवट सोडून मायदेशी निघाला. काही सामने पटावर एकही चाल न खेळता बरोबरीत सोडवण्यात आले. अशा वातावरणातही महिलांची स्पर्धा पुरी झाली. एकोणीस डावांपैकी सोनियाने सोळा जिंकले, तीन गमावले आणि एकही बरोबरीत सोडवला नाही. तिचा सगळा स्वभाव या तीन आकड्यांत उतरला आहे. मेन्चिकने सतरा विजय आणि दोन बरोबऱ्यांसह अठरा गुण मिळवून अजिंक्यपद राखले. सोनियाचे सोळा गुण झाले. चिलीच्या बेर्ना कारास्कोने साडेपंधरा गुणांसह तिसरा क्रमांक पटकावला आणि दक्षिण अमेरिकेतील स्त्रियांच्या बुद्धिबळाची दखल जगाला घ्यावी लागली. मेन्चिकविरुद्धच्या डावात सोनियाची बाजू वरचढ होती, विजय टप्प्यात आला होता. पण मोक्याच्या क्षणी चाली चुकल्या आणि डाव निसटला. जगज्जेतेपदाच्या इतक्या जवळ ती पुन्हा कधीच पोहोचली नाही.

स्पर्धेनंतर मेन्चिक इंग्लंडला परतली. सोनिया अर्जेंटिनातच राहिली. पोलंडच्या मिगेल नायडॉर्फसह अनेक युरोपीय खेळाडूंनी तेव्हा हाच मार्ग पत्करला, आणि या निर्वासितांमुळे अर्जेंटिनाचे बुद्धिबळ पुढील काळात कमालीचे समृद्ध झाले. सोनियाने नवी भाषा आत्मसात केली आणि त्या भाषेत दोन पुस्तके लिहिली. १९४१ मध्ये आलेले पहिले पुस्तक एका स्त्रीच्या खेळाविषयीचे, तिच्या बुद्धिबळातील अनुभवांचे होते. १९४६ मधील दुसऱ्या पुस्तकात तिने बालपणी भोगलेल्या छळाची कहाणी मांडली. घरातल्या हिंसेविषयी स्त्रीने जाहीरपणे लिहिणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. म्युनिकमधील त्या घराची कथा सांगण्यासाठी तिला महासागरापलीकडची भाषा जवळची वाटली असावी.

जून १९४४ मध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बने व्हेरा मेन्चिक, तिची आई आणि बहीण यांचा बळी घेतला. मृत्यूच्या दिवशीही ती जगज्जेतीच होती. रिकामे झालेले ते पद भरण्यासाठी १९४९-५०च्या हिवाळ्यात मॉस्कोला सोळा जणींची स्पर्धा झाली आणि सोव्हिएत संघाची ल्युडमिला रुडेंको जिंकली. मागील स्पर्धेत मेन्चिकखालोखाल आलेली सोनिया त्या सोळा जणींमध्ये नव्हती.

तोवर तिच्या आयुष्याने आणखी एक वळण घेतले होते. १९४७ मध्ये तिने व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या व्हर्नन स्टीव्हन्सन या अमेरिकन गृहस्थाशी विवाह केला आणि ती कॅलिफोर्नियाला गेली. योगायोग असा, की मेन्चिकच्या पतीचे आडनावही स्टीव्हन्सनच होते. पटावर आयुष्यभर एकमेकींसमोर उभ्या राहिलेल्या दोघी दोन वेगळ्या घरांत एकाच आडनावाच्या झाल्या. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने सोनियाला महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब दिला.

संसार आला तरी पट सुटला नाही. १९५७ मध्ये अमेरिकेच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेत ती गिझेला ग्रेसरसह संयुक्त विजेती ठरली. ग्रेसरने हे पद एकूण नऊ वेळा मिळवले. यावरून तिच्या बरोबरीने उभे राहण्याचे मोल कळते. पुढे १९६४ मध्ये सोनियाने हे अजिंक्यपद एकटीने जिंकले. तेव्हा तिचे वय पंचावन्न होते, प्रकृती ढासळलेली होती. मद्य आणि सिगारेट यांनी शरीर पोखरले होते. त्यानंतर काही महिन्यांतच, ६ मार्च १९६५ रोजी, न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले.

सोनिया ग्राफच्या कारकिर्दीचे मोजमाप बहुधा मेन्चिकच्या तुलनेत होते आणि त्या तुलनेत ती दुसरीच ठरते. ते अन्यायाचे नाही, कारण पटावरचे निकाल तसेच आहेत. पण मेन्चिकच्या पाठीशी तिला सामावून घेणारा देश होता, क्लब होते, आप्त होते. सोनियाने घर सोडले ते मारापासून सुटण्यासाठी आणि देश गमावला तो मान तुकवली नाही म्हणून. तिला बरोबरीत डाव सोडवून सुरक्षित राहता आले असते, पटावरही आणि पटाबाहेरही. तसे तिने केले नाही आणि त्याची किंमत दोन्हीकडे मोजली. हाती उरला तो चौसष्ट घरांचा पट, आणि त्याच्या आधारे तिने तीन देशांत, तीन भाषांत आपले आयुष्य नव्याने मांडले. १९६४ सालचे ते अजिंक्यपद हा त्या आयुष्यातला शेवटचा मोठा विजय होता, आणि तो तिने कुणाहीबरोबर वाटून घेतला नव्हता.