सर दोराबजी टाटा : सोपविलेल्या ठेवीचा कारभारी

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास येते आणि मावळातून तळेगाव दाभाडे गाठते. ह्या मार्गाच्या आसपास ज्यांच्या मंडळ्या आहेत अशा आमच्या वाचकांस वळवण, शिरवते व ठोकरवाडी येथील मोठे तलाव चांगले ठाऊक आहेत. त्यांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडून वीज उत्पन्न करण्यात येते, हेही पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु ज्या गृहस्थाने हे काम तडीस नेले, त्यानेच शेतात राबणाऱ्या पोरांस जगाच्या शर्यतीत धावण्यास पाठविले, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानी आली असेल. म्हणून सर दोराबजी टाटा यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगत आहो. ते पारशी धर्माचे होते, आपल्या मंडळीचे नव्हते. तथापि जे जे सत्य व आदरणीय आहे त्याचे मनन करावे असे प्रेषित पौल आपणांस शिकवितो, आणि ह्या चरित्रात मनन करण्याजोगे पुष्कळ आहे.

दोराबजींचा जन्म ता. २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईस झाला. प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे ते थोरले चिरंजीव होत. १८७५ साली शिक्षणासाठी त्यांस विलायतेस पाठविण्यात आले व पुढे केंब्रिज येथे दोन वर्षे त्यांनी अध्ययन केले. तेथे त्यांस मैदानी खेळांची जी गोडी लागली ती जन्मभर टिकली. १८७९ साली ते स्वदेशी परतले व १८८२ साली मुंबईत त्यांनी पदवी मिळविली. काही काळ वर्तमानपत्रात काम केल्यावर १८८४ साली ते वडिलांच्या कापसाच्या व्यापारात शिरले.

१९०४ साली जमशेटजी वारले. पोलादाचा कारखाना, पाण्यापासून वीज आणि शास्त्रीय संशोधनाची शाळा, ही त्यांची तीन मोठी कामे अपुरी राहिली होती. वडिलांनी आखलेली वाट सोडून सुखाने बसून खाणारे पुत्र जगात थोडे नाहीत. दोराबजींनी तसे केले नाही. १९०७ साली पोलादाची कंपनी स्थापन झाली. बंगळूरची विज्ञानसंस्था उभी राहिली. आणि १९११ साली लोणावळ्यास धरणाच्या कामाचा पाया घालण्यात येऊन १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. १९१० साली सरकारने त्यांस सर ही पदवी दिली.

आता शर्यतीची हकीकत ऐका. दोराबजी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. पहिले महायुद्ध संपल्यावर तेथील मैदानी सामने पाहण्यास ते गेले. लांब पल्ल्याच्या शर्यतीस जे गडी उभे राहिले ते बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते. त्यांचे खाणे कोरडे, त्यांस शिकविणारा कोणी नाही, आणि शर्यतीच्या नियमांचीही त्यांस नीट माहिती नव्हती. कित्येकांच्या पायांत जोडाही नव्हता. पाहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या श्रीमंताने टाळ्या वाजवून घरची वाट धरली असती. दोराबजींनी घड्याळ पाहिले. युरोपातील नामांकित धावणाऱ्यांस जितका वेळ लागतो त्याच्या जवळपास हे अनवाणी गडी येत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड तेथे हजर होते. हिंदुस्थानाने ऑलिंपिक सामन्यांत आपले गडी पाठवावे अशी गोष्ट दोराबजींनी त्यांच्यापुढे काढली, परवानगी मिळविली आणि खर्चाचा मोठा भार आपल्या अंगावर घेतला.

१९२० च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचे हे लहानसे पथक बेल्जममधील अँटवर्प येथे गेले. त्यात बंगालचे पूर्णचंद्र बॅनर्जी हे शंभर व चारशे मीटरच्या शर्यतींत धावले. बेळगावचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे मॅरेथॉनमध्ये धावले. नवले व शिंदे हे दोघे पैलवानही बरोबर होते. मॅरेथॉनचा पल्ला त्या वर्षी सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटर होता. फिनलंडचा कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटांनी पोहोचले व त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. दातारांस ती दौड पुरी करता आली नाही. एकाही गड्यास पदक मिळाले नाही.

मग हा सर्व खर्च फुकट गेला काय? दोराबजींस तसे वाटले नाही. १९२४ साली पॅरिसच्या सामन्यांसाठी देशभरातून गडी निवडण्यात आले व ह्या कामी मद्रासच्या वाय. एम. सी. ए. संस्थेचे हॅरी बक व डॉ. नोरेन ह्या ख्रिस्ती सेवकांनी त्यांस मोठे साहाय्य केले. १९२७ साली हिंदी ऑलिंपिक संघ स्थापन झाला तेव्हा दोराबजी त्याचे पहिले अध्यक्ष व नोरेन चिटणीस झाले. पॅरिसच्या त्याच सामन्यांत स्कॉटलंडच्या एरिक लिडल याने प्रभूच्या दिवशी धावण्याचे नाकारले, चारशे मीटरची शर्यत जिंकली व पुढे चीन देशात मिशनरी होऊन देह ठेविला, हे आमच्या वाचकांस स्मरत असेल.

दोराबजींची खरी कसोटी १९२४ सालीच झाली. महायुद्धानंतरच्या मंदीने पोलादाचा कारखाना बुडण्याच्या बेतास आला; मजुरांच्या पगारास पैसा उरला नाही. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोट रुपयांची खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण ठेविली. त्यांच्या पत्नी मेहेरबाई यांनीही आपले दागिने दिले. त्यांत कोहिनूराहून वजनदार असा एक हिरा होता. कारखाना वाचला.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या धरणांनी मुंबईस उजेड दिला त्यांनी मावळातील व मुळशीतील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली नेल्या. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले, आणि तरीही टाटांच्या कंपनीचे ते धरण बांधले गेले. ज्याने शेतकऱ्याच्या पोराच्या पायांतील बळ ओळखले, त्याच्याच कंपनीने शेतकऱ्याच्या पायांखालची जमीन घेतली. मनुष्याचे चांगले कामही निर्दोष नसते. म्हणून मनुष्याची स्तुती करताना आपण न्याय विसरू नये.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या दुर्धर विकाराने वारल्या. त्यांस मूल नव्हते. दुसऱ्या वर्षी दोराबजींनी त्या विकाराच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने एक निधी स्थापिला आणि आपली उरलेली सर्व संपत्ती दुसऱ्या निधीस देऊन टाकली. जात, धर्म किंवा देश न पाहता तिचा उपयोग व्हावा असे त्यांनी ठरविले. पत्नीच्या कबरीच्या दर्शनास जाण्याच्या हेतूने ते निघाले असता ता. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचा अंत झाला. विलायतेत ब्रुकवुड येथे पतिपत्नी शेजारी शेजारी विसावली आहेत. त्या निधीतून १९३६ साली मुंबईत समाजसेवेचे शिक्षण देणारी शाळा निघाली व तिचे पहिले संचालक आमच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे होते. १९४१ साली कर्करोगाचे टाटा रुग्णालयही उघडले.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीतील मुलांकडे एकदा नीट पाहा. गुरे राखणारा एखादा मुलगा, ज्यास अंगावर धड सदरा नाही, त्याच्या पायांत, गळ्यात किंवा बुद्धीत देवाने काय ठेविले आहे हे पाहणारा कोणी हवा असतो. दोराबजींनी ते घड्याळ लावून पाहिले. आपण ते प्रार्थना करून पाहावे. त्याचे पहिल्याच वर्षी फळ दिसले नाही तरी खचू नये, कारण एकोणिसावा आलेला गडीही आपली दौड पुरी करून आला होता. आणि आपणांपाशी कोटी नसतील, पण ज्या चार पायल्या धान्य वा दोन घटका फुरसत आहे, तिचे आपण मालक नसून कारभारी आहो. धनी हिशेब मागावयास येईल तेव्हा तो आपणांस विश्वासू म्हणो, हीच आमची प्रार्थना आहे.