विद्या आणि व्यापार यांची सांगड घालणारे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या तोंडी एक प्रश्न हटकून येतो. मुलाला पुढे शिकवावे, की धंद्याला लावावे? जणू काही विद्येची वाट एकीकडे जाते आणि व्यापाराची दुसरीकडे. ही समजूत किती चुकीची आहे, हे सिप्ला या औषध कंपनीचे संस्थापक मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांच्या चरित्रावरून दिसून येते.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. अलाहाबादेत त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. असहकाराच्या चळवळीत ते ओढले गेले आणि जामिया मिल्लियात त्यांनी काही काळ अध्यापनही केले. तेथेच डॉ. झाकीर हुसेन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १९२४ साली ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्यास निघाले. परंतु रसायनशास्त्रात त्या काळी जर्मनी अग्रेसर होता, म्हणून त्यांनी बर्लिन गाठले. परकी भाषा शिकून तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. सोपी वाट सोडून योग्य वाट धरणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

स्वदेशी परतल्यावर चांगली नोकरी धरून सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्या काळी आपल्या देशात बहुतेक आधुनिक औषधे परदेशातून येत आणि गरिबाला ती परवडत नसत. १७ ऑगस्ट १९३५ रोजी त्यांनी मुंबईत कंपनीची नोंदणी केली. अधिकृत भांडवल सहा लाख रुपये होते. बेलासिस रोडवर एक लहानसा बंगला दरमहा ३५० रुपये भाड्याने घेऊन कामास आरंभ झाला आणि १९३७ साली पहिली औषधे बाजारात आली.

येथे दोन गोष्टी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, स्वतः तयार केलेली औषधांची सूत्रे त्यांनी कंपनीला दिली आणि त्याबद्दल एक पैसाही मानधन घेतले नाही. दुसरी अशी की, कंपनीला त्यांनी आपले वा घराण्याचे नाव दिले नाही. रसायन, उद्योग व औषधे या कामांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून तिचे नाव ठेवले. मालकापेक्षा संस्था मोठी, हा धडा यातून मिळतो. आपल्याकडे कितीतरी चालती दुकाने भावाभावांच्या भांडणात बंद पडतात. त्यांच्या मुळाशी नेमका हाच धडा विसरलेला असतो.

४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी या कारखान्यास भेट दिली आणि आवश्यक औषधे देशातच तयार व्हावीत असा आग्रह धरला. लवकरच महायुद्ध पेटले व परदेशी माल येणे कठीण झाले. अशा वेळी, १९४१ पासून, कंपनीने औषधांना लागणारी शुद्ध रसायने येथेच बनविण्यास सुरुवात केली. प्रयोगशाळेत घालविलेली वर्षे अशी ऐन संकटात उपयोगी पडली. नुसते भांडवल असते, तर ते बंदरात अडकलेल्या मालाकडे पाहत बसले असते.

व्यापारात राहून त्यांनी सार्वजनिक कार्याकडे पाठ फिरविली नाही. १९३७ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या विधिमंडळात होते. मुंबईचे शेरीफपदही त्यांनी भूषविले. फाळणीच्या वेळी अनेकांची मने डळमळली, पण त्यांनी याच देशाला आपले मानले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या कार्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १९७२ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र डॉ. युसूफ हमीद हेही केंब्रिजला रसायनशास्त्र शिकलेले. त्यांच्या कारकिर्दीत, २००१ साली, याच कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी दराने देऊ केला. परदेशी कंपन्यांच्या औषधांसाठी तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात खर्च येई. आफ्रिकेतील असंख्य गरीब रुग्णांना त्यामुळे जगण्याची आशा मिळाली. वडिलांनी घालून दिलेला नफ्याचा अर्थ मुलाने असा पुढे चालविला.

पालकहो, मुलगा असो वा मुलगी, तिला किंवा त्याला व्यापारात जरूर घाला. आपल्या दीनात हलाल व्यापाराला मोठा मान आहे. पण गल्ल्यावर बसविण्याची घाई करू नका. चार वर्षे लवकर मिळालेली कमाई घर चालवील. चार वर्षे अधिक घेतलेले शिक्षण मात्र उद्या चार घरांना रोजगार देईल. आणि विद्यार्थी मित्रहो, प्रयोगशाळेत परीक्षानळी हाती घ्याल, तेव्हा तिच्यातून उद्या एखादा कारखाना उभा राहू शकतो, हे विसरू नका.