मिठाच्या पुडीपासून हस्तकलेच्या जत्रेपर्यंत

१९३० साल. मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटलेला. मुंबईच्या फोर्ट भागातल्या शेअर बाजारात, जिथे एरवी कापूस, गिरण्या आणि कंपन्यांच्या भागभांडवलाचे सौदे चालत, तिथे सत्तावीस वर्षांची एक तरुणी वेगळाच माल घेऊन शिरली. तिच्याजवळ मिठाच्या पुड्या होत्या. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी आटवून सत्याग्रहींनी स्वतःच्या हातांनी ते मीठ तयार केले होते. तयार करणे हाही गुन्हा आणि विकणे हाही गुन्हा. ती तरुणी उच्च न्यायालयातही गेली आणि तेथील मॅजिस्ट्रेटलाच तिने हे स्वातंत्र्याचे मीठ विकत घेणार का, अशी विचारणा केली. या विक्रीची किंमत तिला जवळजवळ वर्षभराच्या तुरुंगवासाने मोजावी लागली.

या तरुणीचे नाव कमलादेवी चट्टोपाध्याय. स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेत्या, नाट्यकर्मी अशी त्यांची अनेक रूपे इतिहासाला ठाऊक आहेत. परंतु आज एखाद्या प्रदर्शनात ओडिशाचा पट्टचित्रकार किंवा कच्छची भरतकाम करणारी स्त्री आपला माल मांडून बसलेली दिसते, तेव्हा त्यामागे कमलादेवींच्या आयुष्याची पस्तीस-चाळीस वर्षे उभी आहेत, याची जाणीव फार थोड्यांना असते. हाताने वस्तू घडवणाऱ्या माणसाला दया नको, बाजार हवा. आणि त्या बाजारात त्याला मानाने उभे राहता आले पाहिजे, हे सूत्र त्यांनी जन्मभर धरून ठेवले.

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. वडील अनंतय्या धारेश्वर हे सरकारी सेवेतील मोठे अधिकारी. आई गिरिजाबाई सुशिक्षित आणि करारी. चार मुलींत कमलादेवी सर्वांत धाकट्या. त्या सात वर्षांच्या असताना वडील मृत्युपत्र न करताच वारले आणि त्या काळच्या कायद्यानुसार सारी मालमत्ता त्यांच्या पहिल्या पत्नीच्या मुलाकडे गेली. आईला देऊ केले गेले ते केवळ दरमहा निर्वाहभत्त्याचे आश्वासन. गिरिजाबाईंनी ते नाकारले आणि माहेरून आलेल्या स्वतःच्या धनावर मुलींना वाढवले. स्त्रीच्या हाती स्वतःची मिळकत नसेल तर तिला कोणत्या उंबरठ्यावर उभे राहावे लागते, हे कमलादेवींनी पुस्तकातून शिकण्यापूर्वी घरातच पाहिले होते.

चौदाव्या वर्षी विवाह आणि सोळाव्या वर्षी वैधव्य, हा त्या काळी अनेकींच्या वाट्याला येणारा भोग त्यांच्याही वाट्याला आला. मात्र त्यांचे शिक्षण थांबले नाही. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजमध्ये शिकत असताना सरोजिनी नायडू यांच्या भगिनी सुहासिनी यांच्याशी त्यांची मैत्री झाली. त्यातूनच कवी आणि नाटककार हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी परिचय होऊन पुढे विवाह झाला. विधवेने पुन्हा लग्न करणे आणि तेही जातीबाहेर, यावर गदारोळ झाला. कमलादेवींनी त्याची पर्वा केली नाही. हा विवाह पुढे टिकला नाही. तेव्हाही त्यांनी कायदेशीर घटस्फोट घेण्याचे धैर्य दाखवले.

लंडनमध्ये समाजशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि सेवादलाच्या कामात उतरल्या. १९२६ साली त्यांनी मद्रास विधिमंडळाची निवडणूक लढवली. थोड्या मतांनी त्या हरल्या. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि परिषदेच्या संघटक चिटणीसपदाची धुरा त्यांच्याकडे आली. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध असा पुण्यातून जुळला आणि मुंबईत दृढ झाला. १९३०च्या दांडीयात्रेत गांधीजींनी स्त्रियांना घेतले नव्हते. स्त्रियांनाही या लढ्यात स्थान हवे, असा आग्रह कमलादेवींनी थेट त्यांच्याकडे धरला. ६ एप्रिल १९३० रोजी मुंबईच्या किनाऱ्यावर मीठ तयार करणाऱ्या पहिल्या तुकडीत ज्या दोन स्त्रिया होत्या, त्यांपैकी एक कमलादेवी आणि दुसऱ्या अवंतिकाबाई गोखले.

मीठ ही हाताने करण्याची अगदी साधी गोष्ट. पण ते करणाऱ्याने उघड्या बाजारात उभे राहून विकले, तेव्हाच साम्राज्याला त्याची दखल घ्यावी लागली. निर्मितीला विक्रीची जोड मिळते तेव्हाच तिचे सामर्थ्य दिसते. कमलादेवींच्या पुढील कार्यात हा धडा पदोपदी दिसतो.

स्वातंत्र्य मिळाले ते फाळणीची जखम घेऊन. दिल्लीच्या परिसरात निर्वासितांचे लोंढे आले. त्यांना शिधा आणि तंबू पुरवून सरकार आपले कर्तव्य करीत होते. परंतु माणसे किती दिवस रांगेत उभी करायची? कमलादेवींनी १९४८ साली इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनची स्थापना केली. छतरपूर येथे निर्वासित शेतकऱ्यांची सहकारी वसाहत उभी राहिली. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या सुमारे पन्नास हजार निर्वासितांसाठी फरिदाबादची नगरी वसवली गेली, त्या कामातही युनियनचा मोठा वाटा होता. घरे आणि रस्ते निर्वासितांनी स्वतःच बांधावेत, हातातले कसब हेच त्यांचे भांडवल मानावे, ही त्यामागची दृष्टी होती.

या कामातूनच त्या हस्तकलेच्या प्रश्नाकडे वळल्या. त्या वेळी कारागिराची अवस्था बिकट होती. संस्थाने विलीन झाली, तसे राजाश्रयाचे जुने आधार तुटले. गिरणीच्या आणि कारखान्याच्या मालाने खेड्यातला गिऱ्हाईक ओढून नेला. उरला तो आठवडी बाजार आणि वर्षाकाठी भरणारी जत्रा. तिथेही सौदा कारागिराच्या हाती नव्हता. कच्च्या मालासाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, माल त्यालाच त्याच्या भावाने द्यायचा आणि उरलासुरला डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. सूर्य कलला की माल परत नेण्यापेक्षा मिळेल त्या किमतीला फुंकून टाकायचा. वस्तू उत्तम असूनही घडवणारा कंगाल, असे हे गणित होते.

१९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढे सुमारे वीस वर्षे ही जबाबदारी त्यांनी वाहिली. त्याच वर्षी दिल्लीचे सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम चालवण्याचे काम युनियनकडे आले. मंत्रिपदाच्या मागे न लागता त्या देशभर हिंडल्या. कुंभारवाडे, विणकरांच्या गल्ल्या, धातूच्या भट्ट्या पाहत त्या कारागिरांशी बोलत. कुठे एखादीच वृद्ध व्यक्ती जुने तंत्र जाणणारी उरली असेल, तर तिच्या हाताखाली तरुण मुले शिकतील अशी सोय करीत. आंध्रातील श्रीकालहस्तीची कलमकारी आणि जयपूरची निळी मातीकला यांना नवे आयुष्य मिळाले, त्यात त्यांच्या प्रोत्साहनाचा मोलाचा भाग आहे.

मात्र तंत्र जगवले तरी गिऱ्हाईक आणायचे कुठून? याचे उत्तर मिथिलेत मिळाले. १९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. तेथील स्त्रिया पिढ्यान्पिढ्या लग्नाकार्यात घराच्या भिंती रंगवीत. भिंत काही विकता येत नाही. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मंडळाने भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीच्या खेड्यांत पाठवले. त्यांनी स्त्रियांच्या हाती कागद दिला. भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले आणि ते दूरच्या शहरात विकणे शक्य झाले. पुढे १९७५ साली जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. दुष्काळात खडी फोडण्यापलीकडे रोजगाराचा हा मार्ग असू शकतो, हे देशाने पाहिले.

कारागिराला नाव मिळावे, हाही कमलादेवींचा आग्रह होता. १९६५पासून निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार दिले जाऊ लागले. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये जागतिक हस्तकला परिषद स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. त्याच वर्षी भारतीय हस्तकला परिषदही उभी राहिली. १९६६चा मॅगसेसे पुरस्कार, १९५५चे पद्मभूषण आणि १९८७चे पद्मविभूषण असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले.

तरीही या कार्याला मर्यादा होत्या आणि त्या लपवण्याचे कारण नाही. एम्पोरियमच्या काचेमागे वस्तू सुंदर दिसली, पण ती घडवणारा माणूस गिऱ्हाइकाच्या नजरेआड गेला. व्यापारी दलालाच्या जागी काही ठिकाणी सरकारी खरेदी अधिकारी आला. पर्यटकाला झटपट खपेल असा सवंग मालही हस्तकलेच्या नावाने तयार होऊ लागला. सहकाराच्या भावनेने सुरू झालेल्या संस्था पुढे सरकारी चाकोरीत गेल्या. ज्या मंडळाला कमलादेवींनी आकार दिला, ते उत्तरकाळी सल्ला देण्यापुरते उरले आणि २०२० साली केंद्र सरकारने ते विसर्जित केले.

मग उरले काय? उरली ती जत्राच! १९८७ साली सूरजकुंड येथे हस्तकलेचा मेळा सुरू झाला. सूरजकुंड हे फरिदाबादचेच. जिथे एकेकाळी निर्वासितांनी स्वतःच्या हातांनी घरे उभारली, त्याच परिसरात देशभरातील कारागीर येऊन स्वतः माल विकू लागले. कमलादेवींच्या हयातीतच ही सुरुवात झाली. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९९४ साली दिल्ली हाट उभे राहिले. तिथे पक्के दुकान कुणाच्याच मालकीचे नाही. कारागिरांना ठरावीक दिवसांसाठी गाळे मिळतात, मग ते दुसऱ्यांसाठी रिकामे करायचे. गावच्या आठवडी बाजाराचेच हे शहरातले रूप. एम्पोरियमने आड केलेला कारागीर अशा ठिकाणी पुन्हा गिऱ्हाइकासमोर येऊन बसला.

आपल्याकडेही महालक्ष्मी सरस, भीमथडी जत्रा यांसारख्या ठिकाणी हे दृश्य दिसते. काळा घोडा महोत्सवात हस्तकलेच्या वस्तूंची दुकाने मांडली जातात, ती तर कमलादेवी मिठाच्या पुड्या घेऊन शिरल्या त्या शेअर बाजारापासून काही मिनिटांच्या अंतरावर. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने मोजणारे आपण तिथल्या गाळ्यासमोर उभे राहिलो, की पन्नास रुपये कमी करण्यासाठी सरसावतो. समोरच्या बाईने त्या वस्तूसाठी किती दिवस घातले, कच्चा माल किती भावाने घेतला, परतीच्या गाडीभाड्यासाठी तिला आज किती विक्री व्हायला हवी, हे विचारण्याचे मात्र सुचत नाही.

१९३० साली त्या मिठाचे मोल बाजारभावाने ठरले नव्हते. ते करणाऱ्या हातांची किंमत घेणाऱ्याला कळली होती, म्हणून ते विकले गेले. कमलादेवींनी पुढची सारी वर्षे कारागिराच्या हाताला तीच ओळख मिळवून देण्यात घालवली. मंडळे स्थापन होतात आणि विसर्जितही होतात. पण कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यातला तो सरळ व्यवहार टिकवणे आता सर्वस्वी आपल्या, घेणाऱ्यांच्या हाती आहे. पुढच्या वेळी एखाद्या जत्रेत घासाघीस करण्यापूर्वी क्षणभर थांबून वस्तू घडवणाऱ्याचे नाव तरी विचारावे. कमलादेवींचे स्मरण त्याहून चांगले कोणते असणार?