फोलिक ॲसिडची गोळी, डॉ. लुसी विल्स आणि जनुकांवरच्या खुणा

घरात कोणी गरोदर असेल तर फोलिक ॲसिडची गोळी तुम्ही पाहिलीच असेल. तिचा शोध मुंबईच्या गिरणगावात सुरू झाला.

डॉ. लुसी विल्स यांचा जन्म १८८८ चा, इंग्लंडमधला. आधी वनस्पतीशास्त्र शिकल्या, मग १९२० मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी भयंकर रक्तक्षय व्हायचा, अनेकींचा जीव जायचा. जंतूंमुळे होत असेल असं आधी वाटलं. विल्सबाईंनी त्या बायका काय खातात ते पाहिलं. तसाच आहार उंदरांना, पुढे माकडांना दिला. शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, लागू पडला. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातला घटक म्हणजे फोलेट. तो प्रयोगशाळेत तयार केला तो अमेरिकेत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. विल्सबाई १९६४ मध्ये वारल्या.

याचा तुमच्या मधुमेहाशी काय संबंध? फोलेट आणि बी-१२ मिळून शरीरात मिथाइल नावाचे बारीक कण पुरवतात. हे कण जनुकांवर बसतात आणि कोणतं जनुक किती काम करेल ते ठरवायला मदत करतात. जनुक तेच, खुणा वेगळ्या. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासात, गरोदरपणी ज्या आयांचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून गरोदरपणी गोळी बंद करायची नाही, बी-१२ कडेही बघायचं.

आता या खुणा मोजून प्रत्येकाला वेगळा उपचार देण्याची चर्चा आहे. मेंदूच्या एका कर्करोगात औषध ठरवताना अशी तपासणी खरोखर वापरतात. मधुमेह, रक्तदाबात मात्र ती अजून संशोधनातच आहे. शिरड शहापूरहून नांदेडला जाऊन त्यासाठी हजारो रुपये घालवू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. त्यापेक्षा तुम्ही शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर तुमच्या डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा.