सागरपक्ष्यांच्या मागावर

दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाळ बेटांवर जन्मणारे, चिमणीहून थोडे मोठे असे एक काळपट पाखरू पावसाळ्यात हजारो मैल उडून आपल्या अरबी समुद्रात येते. प्रवराकाठच्या बेलापुरास नांगरामागून चालणारे बगळे पोरासोरांच्याही ओळखीचे; परंतु असली सागरपाखरे पाहावयाची तर जहाजावरच चढले पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी हा ध्यास अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी घेतला होता. राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचे पक्षिवेड मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

ह्यूमसाहेबांचा जन्म 1829 सालचा. वयाच्या विसाव्या वर्षी ते हिंदुस्थानात आले व पुढे इटावा जिल्ह्याचे अधिकारी झाले. तेथे त्यांनी मोफत शाळा काढल्या. 1857 च्या आरंभी त्या शाळांची संख्या 181 झाली होती. विद्यार्थी 5186, त्यांत मुली मात्र दोनच!

सरकारी कामातून सवड मिळताच ते पक्ष्यांच्या मागे लागत. 1873 साली त्यांनी अंदमान-निकोबार बेटे पाहिली. 1875 साली पश्चिम किनाऱ्याने लक्षद्वीपचा प्रवास केला. ह्याच प्रवासात ते वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांवर गेले. त्या बेटांवर ना वस्ती, ना धक्का. होडी लाटेबरोबर वर उचलली गेली की नेमक्या क्षणी खडकावर पाय टाकावयाचा! तेथील अंधाऱ्या गुहांत पाकोळ्या राहतात. त्या आपल्या लाळेने घरटी बांधतात आणि पूर्वेकडील देशांत ही घरटी खाद्य म्हणून महागात विकली जात असल्यामुळे माणसे ती चोरून नेत आली आहेत. सुरय पक्षी तर उघड्या खडकावरच अंडी घालतात.

त्या काळी अभ्यासक बंदुकीने पक्षी टिपून त्यांची कातडी जतन करीत. आज हे मनास रुचत नाही. ह्यूमसाहेबांनीही पुढे मांसाहार सोडला.

सिमल्याच्या घरी त्यांनी मोठे संग्रहालय उभारले, पक्ष्यांविषयीचे नियतकालिक चालविले. सडेतोड मतांमुळे 1879 साली त्यांचे उच्च पद गेले, तरी ग्रंथलेखन थांबले नाही. मात्र 1883 च्या सुमारास प्रवासाहून परततात तो काय, पंचवीस वर्षांच्या परिश्रमाची कित्येक हस्तलिखिते नोकराने चोरून बाजारात रद्दी म्हणून विकलेली! त्या धक्क्यानंतर त्यांचे मन पक्ष्यांत रमले नाही. 1885 साली त्यांनी सारा संग्रह लंडनच्या संग्रहालयास दान केला. कातडी व अंडी मिळून 75,000 हून अधिक नमुने तेथे पोहोचले.

त्याच वर्षी राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. तेथे पटकीची साथ उद्भवल्याने ते 28 डिसेंबर रोजी मुंबईस, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. देशभरातून 72 प्रतिनिधी आले होते.

उतारवयात ह्यूमसाहेब इंग्लंडात वनस्पती गोळा करू लागले. 1910 साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांनी दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली. 31 जुलै 1912 रोजी त्यांचे निधन झाले.