येडेमच्छिंद्र ते दिल्ली, व्हाया बीड

होस्टेलवर रात्री जेवणानंतर गप्पांचा फड जमला की विषय कुठूनही निघो, गाडी शेवटी एकाच स्टेशनावर येऊन थांबते. सरकार काही करत नाही! शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, कापसाला भाव नाही, पीक विमा एकाला मिळाला तर शेजारच्याला नाही, रस्ता झाला आणि पहिल्याच पावसात वाहून गेला. यावर सगळ्या रूमचं एकमत असतं. आणि अर्ध्या तासाने त्यातलेच चारजण तलाठी भरतीचं पुस्तक उघडून बसतात. हसू नका, हे खरं आहे. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४६४४ जागा निघाल्या, तेव्हा १० लाखांहून जास्त अर्ज आले होते. ज्या सरकारवर विश्वास नाही त्याच सरकारची नोकरी हवी, कारण घरात पगाराचा एक तरी माणूस पाहिजे. यात लाजण्यासारखं काही नाही. दिवसच तसे आहेत.

पण अशाच एका तलाठ्याची गोष्ट सांगावीशी वाटते. त्याने मिळालेली नोकरी सोडली, सरकारवरचा अविश्वास नुसता बोलून न दाखवता त्या सरकारच्या नाकावर टिच्चून आपलं सरकार चालवलं, आणि पुढे आपल्या बीड जिल्ह्याने त्याला खासदार करून दिल्लीला पाठवलं. क्रांतिसिंह नाना पाटील. शाळेच्या भिंतीवर त्यांचा फोटो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मोठा पटका, भरघोस मिशा, धिप्पाड देह. पण ते बीडचे खासदार होते, हे आपल्या पाटोदा-आष्टीकडच्या किती पोरांना माहीत आहे?

पाटलाचा पोरगा, सरकारचा तलाठी

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो, तेव्हा तो सातारा जिल्ह्यात होता. मूळ आडनाव पिसाळ, पण घरात पाटीलकी म्हणून पाटील हेच नाव लागलं. शिक्षण बेताचंच झालं. पुढे तलाठ्याची नोकरी लागली.

तलाठी म्हणजे गावकऱ्याला दिसणारं सरकार. गव्हर्नर मुंबईत, कलेक्टर साताऱ्यात. शेतकऱ्याच्या दारात येतो तो तलाठीच. सारा किती, पीक किती आणे आलं, जमीन कुणाच्या नावावर आणि गहाण कुणाकडे, हे सगळं त्याच्या दप्तरात. कर्जात बुडालेला कुणबी सावकाराच्या कागदावर अंगठा कसा उठवतो आणि दोन-चार वर्षांत रान कसं हातचं जातं, हे नानांनी नोकरीतच जवळून पाहिलं. त्या भागात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा जोर होता. त्या विचारांचा नानांवर पक्का संस्कार झाला.

१९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि नानांनी तलाठ्याची नोकरी सोडली. तो काळ लक्षात घ्या. जगभर मंदी आली होती, शेतमालाचे भाव पडले होते, पण सारा होता तेवढाच होता. अशा वेळी महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार सोडणं म्हणजे काय, हे आपल्या घरच्यांना विचारा. पुढची बारा वर्षं नाना गावोगाव हिंडले आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले.

कर्ज काढून लग्न नको

नानांचं भाषण म्हणजे सभा गाजलीच पाहिजे. पहाडी आवाज आणि घरची, रानातली भाषा. पण ते फक्त इंग्रजांना शिव्या घालत नव्हते. ऐकायला आलेल्या शेतकऱ्याचेही कान उपटत होते. लग्नात ऋण काढून सण करायचा आणि मग जन्मभर सावकाराचं व्याज भरायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यातूनच गांधी विवाहाची पद्धत त्या भागात रुजली. हुंडा नाही, वाजंत्री नाही, जेवणावळी नाहीत. हार घालायचे, चार माणसांसमोर लग्न लागलं असं जाहीर करायचं, संपलं. कधी सभेच्या मांडवातच लग्नं लागत.

वरवर ही साधी समाजसुधारणा वाटते, पण त्यात अर्थशास्त्र आहे. सारा माफ करणं सरकारच्या हातात होतं, ते काही करणार नव्हतं. पावसाचंही तेच. पण लग्नाचा खर्च आपल्या हातात होता. अडचणीच्या काळात जे आपल्या हातात आहे ते आधी आवरा, म्हणजे जे हातात नाही त्यासाठी भांडायला अंगात बळ राहतं. नानांची ही शिकवण आजही जशीच्या तशी लागू पडते.

१९४२ : गोळ्या आणि पर्याय

ऑगस्ट १९४२ मध्ये चले जाव चळवळ पेटली. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं जागच्या जागी पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच. इस्लामपूरच्या हुतात्म्यांत उमाशंकर पंड्या नावाचे किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर होते. आपल्या कॉलेजच्या मासिकात निदान हे एक नाव तरी यायलाच हवं.

निःशस्त्र मोर्चावर गोळी चालते, हे दिसल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले. सरकारी कचेरीपुढे जाऊन मागण्या करण्यापेक्षा त्या कचेरीची गरजच संपवायची, असा विचार पुढे आला. त्यातून १९४३ पासून उभं राहिलं ते प्रतिसरकार. नाना त्याचा चेहरा होते. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, कॅप्टन रामभाऊ लाड अशी तरुण फळी सोबत होती. यातले बरेच जण तेव्हा आपल्याच वयाचे होते, वीस-बावीसचे.

दीडशेहून अधिक गावांत हे सरकार चाललं. न्यायदान मंडळं होती. बांधाचं भांडण, भाऊबंदकी, सावकाराने बळकावलेली जमीन, हे खटले गावातच, सगळ्यांच्या देखत सुटायचे. वकील नाही, स्टँप नाही, तारखेवर तारीख नाही. युद्धामुळे महागाई आणि धान्याची टंचाई होती, तेव्हा गावातल्या धान्याचा काळाबाजार होणार नाही यावर लक्ष ठेवलं जायचं. दारूबंदी होती, वाचनालयं होती. तुफान सेना नावाचं शिस्तीचं दल होतं. ७ जून १९४३ ला याच मंडळींनी शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली. १४ एप्रिल १९४४ ला तर धुळ्याकडे चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास. हा पैसा चळवळीसाठी गेला.

या सरकारला लोक पत्री सरकार म्हणू लागले ते शिक्षेवरून. बैलाच्या खुरांना पत्री मारतात ना, तशी गुंडांच्या, खबऱ्यांच्या पायांना मारतात अशी दहशत पसरली होती. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तळपायावर काठीचे फटके असत. त्यामुळे दरोडेखोर थंडावले हे खरं. पण हेही खरं की काठी एकदा हातात आली आणि तिच्यावर अपील करायला वर कुणी नसलं, तर न्याय करणाऱ्याच्या सद्सद्विवेकावरच सगळं येऊन पडतं. नानांचं नाव घेताना ही बाजू झाकायचं कारण नाही. म्हणून तर चांगल्या सरकारलाही कोर्ट लागतं, हिशोब लागतो, विरोधक लागतात.

घरावर जप्ती आली तेव्हा

इंग्रज सरकारने नानांना पकडण्यासाठी बक्षीस लावलं. जवळपास पावणेचार वर्षं ते भूमिगत होते, पण गावोगावच्या लोकांनी त्यांचा पत्ता लागू दिला नाही. त्याची किंमत घरच्यांनी मोजली. घर आणि जमीन सरकारने जप्त केली. भीतीपोटी त्यांना कुणी कामाला बोलवेना. नानांच्या कन्या हौसाताई तेव्हा लहान होत्या, आई त्यांच्या बालपणीच गेलेली, आजी सांभाळायची. मग मामांनी बैलजोडी आणि गाडी दिली. गूळ, शेंगा, ज्वारी अशी भाड्याची वाहतूक करून घर चाललं. याच हौसाताई पुढे स्वतः तुफान सेनेच्या कामात उतरल्या. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, ९५ व्या वर्षी त्या गेल्या.

मला वाटतं, प्रतिसरकारवर लोकांनी विश्वास का ठेवला याचं उत्तर त्या जप्त झालेल्या घरात आहे. पुढाऱ्याचं स्वतःचं काय गेलं, हे लोकांना डोळ्यांनी दिसत होतं. विश्वास जाहीरनाम्यातून येत नाही. आपल्यासारखीच झळ ज्याला बसते, त्याच्यावर तो आपोआप बसतो.

परक्या जिल्ह्याचा खासदार

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि नाना उजळ माथ्याने बाहेर आले. वर्षभराने स्वातंत्र्य मिळालं. सत्तेच्या खुर्चीजवळ बसायची संधी होती, पण शेतकरी-कामगारांचं राज्य काही येत नाही असं त्यांना दिसलं. काँग्रेस सोडून ते आधी शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते आघाडीवर होते, आणि १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. सरकार उलथून टाकणारा माणूस आता मतपेटीतून सरकारला जाब विचारायला निघाला होता.

आणि मग १९६७. जरा आठवा त्या वेळचा देश. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन दुष्काळाची वर्षं. धान्य अमेरिकेहून बोटीने येत होतं. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. महागाईने माणूस हैराण. आपलं बीड तर त्याआधी निजामाच्या राजवटीतून १९४८ ला सुटलेलं, पाण्याचं कायमचं दुर्भिक्ष. मांजरा नदी उगम पावते आपल्या पाटोदा तालुक्यात, पण तिच्यावरचं मोठं धरण पार खाली केजकडे धनेगावला! अशा जिल्ह्यात नाना कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून उभे राहिले. इथे त्यांचं ना गाव, ना शेत, ना कारखाना. तरीही बीडकरांनी सत्ताधारी काँग्रेसला बाजूला सारून या साताऱ्याच्या म्हाताऱ्याला निवडून दिलं. त्या लोकसभेत त्यांच्या पक्षाचे अवघे २३ खासदार होते.

नानांनी बीडचा कायापालट केला असं मी म्हणणार नाही. विरोधी बाकावरच्या एका खासदाराच्या हातात ते नव्हतंच. १९७० च्या अखेरीस ती लोकसभा बरखास्त झाली, आणि मागोमाग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या आजोबांनी खडी फोडली, सुखडी खाल्ली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या तो हाच. त्यातूनच रोजगार हमीची योजना मोठी झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणं हा हक्क ठरला, तो दुष्काळात होरपळलेल्या माणसांनी सरकारला जागं केलं म्हणून.

नाना ६ डिसेंबर १९७६ ला गेले. देशात तेव्हा आणीबाणी होती. तीन महिन्यांनी निवडणूक झाली आणि बीडने पुन्हा सत्ताधाऱ्यांना नाकारून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडेंना लोकसभेत पाठवलं.

आपण काय घ्यायचं?

आज दिवाळी झाली की पाटोद्याच्या वाड्या-वस्त्या ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली कोयत्याची जोडी ट्रॅक्टरवर संसार टाकून निघते. कुठे? बऱ्याचदा कृष्णाकाठाला, सांगली-साताऱ्याकडे, म्हणजे नानांच्याच मुलखात. तिकडे त्यांच्या साथीदारांनी पुढे सहकाराची वाट धरली. वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना नागनाथअण्णांनी उभा केला. शेतकऱ्याला उसाचा चांगला दर देणारा कारखाना म्हणून त्याचं नाव झालं. त्या पट्ट्यातला ऊस तोडायला आपली माणसं जातात. आपल्याकडे मात्र नव्वदच्या दशकात मंजूर झालेली रेल्वे बीड शहरात पोचायला सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. मग सरकारवर विश्वास बसत नाही म्हणून पोरांना दोष कसा द्यायचा?

दोष नाहीच. नानांचाही विश्वास नव्हता. फरक इतकाच की त्यांचा अविश्वास कट्ट्यावर संपला नाही. न्याय मिळत नाही म्हणाले आणि गावात न्याय करून दाखवला. सावकार लुटतो म्हणाले आणि कर्जाचं लग्नच बंद करून दाखवलं. अविश्वास दाखवायला काही खर्च येत नाही. त्याच्या जागी विश्वास ठेवण्यासारखं काहीतरी उभं करायला मात्र स्वतःचं काहीतरी घालावं लागतं.

आपल्याला रेल्वे लुटायची नाही! आपली मेस कमिटी आहे, तिचा महिन्याचा हिशोब बोर्डावर लावता येईल. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, गावच्या रस्त्यावर किती पैसे खर्ची पडले हे विचारता येईल. बहिणीच्या लग्नात बापाने रान विकू नये म्हणून घरात तोंड उघडता येईल, आणि आपल्या लग्नात हुंडा नको म्हणता येईल. आणि तलाठी भरतीचं पुस्तक वाचणाऱ्या मित्रांनो, ते जरूर वाचा, पासही व्हा. फक्त दप्तर हातात आल्यावर समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तुम्हीच सरकार दिसणार आहात, एवढं ध्यानात ठेवा. त्याचा सरकारवर विश्वास बसतो की नाही, हे त्या दिवशी तुमच्याच हातात असेल.